एकशेविसावा अर्ज

अर्जकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं ओळखणारा त्या इमारतीत एकच माणूस यायचा, तो म्हणजे पोस्टमन, आणि तोही नाव पाकिटावर लिहिलेलं असायचं म्हणून. बाकी सगळ्यांच्या तोंडी ते अर्जकाकाच. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज तपासले, त्यातले निम्मे परत पाठवले, आणि निवृत्त झाल्यावर जणू त्याची भरपाई करायची म्हणून शेजारपाजाऱ्यांचे अर्ज फुकट भरून द्यायला बसले. लायसन्स, वारसनोंद, शाळाप्रवेश, काहीही असो, लोक त्यांच्या दारात कागद घेऊन उभे राहत आणि काका चष्मा पुसत म्हणत, "ठेवा इथं. माझ्या हातचा अर्ज आजवर परत आलेला नाही."

"अर्ज परत येत नाही," काकू आतून म्हणत, "पण तुम्ही तरी जेवायच्या वेळेला परत येत जा."

काकांची पद्धत ठरलेली. अर्ज हातात आला की ते आधी तो उलटा करत. खरी गोम मागच्या बारीक टायपात असते, हे त्यांचं ठाम मत. मग एक कच्ची प्रत पेन्सिलनं, मग पक्की काळ्या शाईनं, खाडाखोड अजिबात नाही. जोडपत्रं क्रमानं, टाचणी डाव्या कोपऱ्यात तिरकी. एखादा घाईत असला तर काका मुद्दाम अजून सावकाश लिहीत. चारचौघांत याचं कौतुक व्हायचं आणि काकांना ते चांगलंच आवडायचं. आपल्याला कौतुक आवडत नाही असं मात्र ते सांगत फिरायचे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींची नोंदणी सुरू झाली तेव्हा त्या गाडीचं चाकसुद्धा कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. कंपनीनं नुसती चित्रं दाखवली, आणि लोकांनी चित्रं बघून आगाऊ नोंदणी केली. काकांचं जाणंयेणं वाचनालयापर्यंत आणि भाजीबाजारापर्यंत, दोन्ही पायी. त्यांना मोटारीची गरज औषधालाही नव्हती. पण चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर जिन्यात म्हणाले, "या वयात हे नवं खूळ तुम्हाला झेपायचं नाही," आणि काकांनी दुसऱ्या दिवशी नोंदणी करून टाकली. संध्याकाळपर्यंत ही बातमी त्यांनी स्वतःच सगळ्या मजल्यांवर पोचवली. आपल्या रस्त्यावरची पहिली विजेची गाडी आपली असणार, हेही सांगून झालं.

त्यांच्याही आधी महिनाभर त्या इमारतीत आणखी एका व्यक्तीनं नोंदणी केली होती, पण तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी फिजिओताई. अर्धांगाचा झटका आलेले, खुब्याचं हाड मोडलेले, अंथरुणाला खिळलेले लोक तिचे पेशंट. त्यांच्या घरी जाऊन ती व्यायाम करून घ्यायची. तिच्याकडे एक घडीचं टेबल होतं, त्यावर झोपवून पाय-कंबर नीट हलवता येई. पण ते स्कूटरवर मावायचं नाही. म्हणून ते टेबल घरात भिंतीला टेकून उभं, आणि ताई पेशंटच्या मऊ गादीवर जमेल तेवढं करून यायची. मोटार तिला हौसेसाठी नको होती, त्या टेबलासाठी हवी होती. राज्य सरकारचं अनुदान मिळालं तर विजेची गाडी तिला जेमतेम परवडणार होती. नाही मिळालं तर नोंदणी सोडून द्यायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

अनुदान जिल्ह्यातल्या पहिल्या एकशेवीस अर्जांना होतं. अर्ज परिवहन कचेरीत समक्ष द्यायचा, सकाळी दहा ते एक. सकाळची वेळ ताईच्या पेशंटांची. काका लगेच म्हणाले, "तुम्ही कशाला खाडा करता? माझा द्यायला जायचंच आहे. तुमचाही देतो."

ताईनं आपला अर्ज पेन्सिलनं भरून आणला होता. अक्षर टपोरं, सगळं जागच्या जागी. फक्त चौदावा रकाना कोरा होता. एका घराला एकच अनुदान, म्हणून तिथं जोडीदाराचं नाव आणि सही मागितली होती.

"काका, हे एवढं राहिलंय," ताई म्हणाली आणि पिशवीची चेन विनाकारण लावू-उघडू लागली.

सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा कामासाठी म्हणून दुसऱ्या गावी गेला आणि तिथंच दुसरा संसार थाटून बसला. घटस्फोट वगैरे काही झालं नाही. ताईनं त्याचा विषय कधी काढला नाही आणि दुसऱ्या कोणी काढला तर ती उठून जाई. काका म्हणाले, "बघतो मी काय करायचं ते," आणि ती गेल्यावर त्यांनी अर्ज उलटा केला. मागे बारीक टायपात होतंच: जोडीदार पाच वर्षांपेक्षा जास्त काळ वेगळा राहत असल्यास चौदावा रकाना भरण्याची गरज नाही. काका खूश झाले. सकाळी जिन्यात भेटली की सांगू, असं ठरवून झोपी गेले, आणि सकाळी विसरले.

अर्ज घ्यायला सुरुवात झाली त्या दिवशी काका गेलेच नाहीत. दोन्ही अर्जांच्या पक्क्या प्रती व्हायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताईच्या अर्जात पत्त्याची एक ओळ जरा वाकडी गेली म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून लिहिला. तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये चार्जर बसवायच्या संमतीपत्रावर सोसायटीचा शिक्का पुसट उठला, तो परत मारून आणला. काकू म्हणाल्या, "द्या की हो एकदाचे. लोक काय तुमच्या टाचणीसाठी थांबलेत?" पण काका घाई करणाऱ्यातले नव्हते. चौथ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते कचेरीत गेले.

रांग पार दाराबाहेर होती. काका खिडकीशी पोचेपर्यंत बारा वाजून गेले. त्यांच्या फायलीत वर ताईचा अर्ज, खाली स्वतःचा. तिची नोंदणी आधीची म्हणून त्यांनीच तसा क्रम लावला होता. खिडकीतल्या कारकुनानं हात पुढे केला आणि वहीकडे बघत म्हणाला, "नशीबवान आहात, काका. एकशे एकोणीस झाले. हा शेवटचा."

"एकच?"

"एकच. यानंतरचे प्रतीक्षा यादीत घेतोय."

मागच्या माणसानं घसा खाकरला. काकांनी फाईल उघडली. ताईचा अर्ज वर होता, तो नुसता पुढे सरकवायचा होता. काकांच्या डोळ्यांसमोर चौथ्या मजल्यावरचे मॅनेजर आले, त्यांचं ते जिन्यातलं हसू आलं. आणि एकतीस वर्षांत कुणाचा कागद वरखाली न केलेल्या त्या हातानं ताईच्या अर्जाखालचा स्वतःचा अर्ज ओढून काढला. अर्धं मिनिटही लागलं नाही. कारकुनानं शिक्का मारला, पोच दिली, वर म्हणाला, "काय सुंदर अक्षर आहे हो."

ताईचा अर्ज प्रतीक्षा यादीत द्यायचा होता. तेवढं तर सरळ होतं. पण खिडकीवर दोन अर्ज ठेवले असते तर कारकून म्हणाला असता, दुसरा आधी का नाही दिलात. निदान काकांना तरी तसं वाटलं. ते रांगेतून बाहेर पडले आणि घरी येईपर्यंत बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

संध्याकाळी ताई आली तेव्हा पायांत दिवसभराचा थकवा आणि चेहऱ्यावर आशा. काकांनी वाटेत बरंच काही घोकून ठेवलं होतं. जागा संपल्या, रांग मोठी होती, नशीब. हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण जागा संपल्या म्हटलं तर ती विचारणार, मग तुमचा? आणि मग पुढचं सगळं विचारणार. काकांच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"परत केला हो. चौदावा रकाना रिकामा होता ना."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या हातचा अर्ज परत आला?" त्यांनी विचारलं.

"नियम आहे," काका म्हणाले. आजवर जपलेला विक्रम त्यांनी स्वतःच्या तोंडानं मोडला होता, आणि तोही खोटं बोलून. काकू आत गेल्या.

ताईची मान खाली गेली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झालेला काकांनी पाहिला. "मला वाटलंच होतं," ती पुटपुटली. "तिथं खिडकीवर सगळ्यांसमोर विचारलं का, नवरा कुठाय म्हणून?"

"नाही, नाही. तसं काही नाही."

"तुम्हाला उगाच हेलपाटा झाला काका. चूक माझीच." अर्ज घेऊन ती गेली. जाताना 'थँक्यू' म्हणायला विसरली नाही. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि काकूंनी आग्रहही केला नाही.

आठवड्यानं काका पुन्हा कचेरीत गेले. माणूस अगदीच वाईट नव्हता, हे सांगायला हवं. पण त्यांना चांगलं व्हायचं होतं ते कोणाला काही न सांगता. त्यांनी कारकुनाला विचारलं, मी माझा अर्ज मागे घेतला तर माझी जागा आमच्या इमारतीतल्या एका बाईंना मिळेल का. कारकून म्हणाला, "जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला जाते. त्या बाईंचा यादीत नंबर कितवा?" नंबर नव्हताच. अर्ज दिलाच नव्हता तर नंबर कुठून येणार? काका बाहेर आले. घरी येऊन खरं सांगायचा रस्ता मोकळाच होता, पण त्या रस्त्यानं ते गेले नाहीत.

ताईनं नोंदणी सोडून दिली. काकांची गाडी आली.

गाडी आली त्या दिवशी अर्धी इमारत खाली उतरली होती. पोरं काचांना नाक लावून आत बघत होती. मॅनेजर कडेनं दोन फेऱ्या मारून म्हणाले, "बरी आहे." या दोन शब्दांसाठी काकांनी काय काय केलं होतं! आणि आता ते ऐकून त्यांना धड हसूही आलं नाही. ताईही आली. तिनं बॉनेटवरून हात फिरवला, डिकी उघडून आतली जागा नुसत्या नजरेनं मापली, आणि मनापासून म्हणाली, "छान आहे काका. अभिनंदन." काकांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

त्यावर त्यांनी एक उपाय काढला. मंगळवार-शुक्रवारी ताईला आणि तिच्या घडीच्या टेबलाला ते गाडीतून पेशंटांकडे सोडू लागले. आधी ती नाहीच म्हणत होती. "गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी बिघडते," असं काकांनी ठोकून दिलं, तेव्हा तयार झाली. टेबल डिकीत बरोबर मावलं. खुबा मोडलेल्या एका आजी महिन्याभरात काठी घेऊन उभ्या राहू लागल्या, आणि त्यांच्या सुनेनं काकांचा हात धरून सांगितलं, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय हो." इमारतीत तर काका देवमाणूसच झाले. जिन्यात कोणी काही चांगलं बोललं की ते घाईघाईनं दार लावून घेत. आयुष्यभर ज्या कौतुकासाठी जीव टाकला ते आता दारात येऊन उभं राहत होतं आणि काकांना चोरासारखं तोंड लपवावं लागत होतं. एकदा काकू एवढंच म्हणाल्या, "लोक चांगलं म्हणतात तर तुम्ही असे का दचकता?" काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

अनुदानाचा दुसरा टप्पा जाहीर झाला, आणखी ऐंशी गाड्यांसाठी. काकांनी सकाळी बातमी वाचली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. या वेळी पहिल्या दिवशी, पहिल्या नंबरला ताईचा अर्ज जाणार होता. टाचणी तिरकी राहो नाहीतर सरळ. ताईला गाडी मिळेल, फिटंफाट होईल, आणि मधलं ते सगळं कोणाला कधी कळायची गरजच राहणार नाही, असा त्यांनी मनातल्या मनात हिशेब मिटवूनसुद्धा टाकला.

शुक्रवारी गाडीत बसल्या बसल्या ताईनं पिशवीतून अर्ज काढला. "काका, एकदा बघून घ्या. नोंदणी पुन्हा केलीये, आणि या वेळी सगळं भरलंय."

एका पेशंटच्या घराजवळ काकांनी गाडी कडेला घेतली. वेळेच्या आधी पोचले होते. चष्मा लावून त्यांनी अर्ज पाहिला. चौदाव्या रकान्यात एक नाव होतं आणि त्यापुढे ऐसपैस, दोन रकान्यांत पसरलेली सही.

"ही सही?" काकांनी विचारलं.

"त्यांचीच." ताई समोर बघत होती. "रविवारी जाऊन आले. साडेतीन तास बसचे."

या गाडीला आवाज नव्हता. साध्या मोटारीत इंजिनाच्या घरघरीत चार शब्द हरवतात, माणसाला न ऐकल्यासारखं करता येतं. इथं ताईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"टायरचं दुकान आहे त्यांचं," ती सांगू लागली, अगदी साध्या सुरात, पेशंटची हकीकत सांगावी तशी. "मी गेले तर गिऱ्हाईक होतं. मला म्हणाले, थांब. तासभर बाहेर उभी होते. त्यांच्या बायकोनं येऊन विचारलं, कोण हवंय? मी म्हटलं, सही हवीये. मग आले, अर्ज वाचला, सगळा वाचला, आणि तिथल्या कामगारांसमोर हसले. म्हणाले, अकरा वर्षं ताठ्यात राहिलीस, शेवटी माझं नाव लागलंच ना." ताईनं पिशवीची चेन लावली. "जाऊ दे. सही मिळाली. कामाशी काम."

ती त्या दुकानाबाहेर तासभर उभी होती, आणि तिला तिथं पाठवलं होतं त्यांनी. त्या माणसाच्या हसण्यात आपलाही वाटा होता, हे त्यांना इतकं लख्ख कळलं की आता न बोलणं शक्यच राहिलं नाही. अजून गप्प बसलो असतो तर चाललं असतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि त्याची जास्तच लाज वाटली.

"ताई, या सहीची गरज नव्हती," ते म्हणाले. त्यांनी अर्ज उलटा केला आणि ती बारीक ओळ बोटानं दाखवली.

तिनं ओळ वाचली. पुन्हा वाचली. "हे या वेळी नवीन आलंय?"

"नाही. तेव्हाही होतं. मी वाचलं होतं."

"मग परत का केला त्यांनी?"

"परत केलाच नाही. मी दिलाच नव्हता." काकांना थांबावंसं वाटलं, पण ते थांबले नाहीत. "एकच जागा उरली होती. तुमचा अर्ज वर होता. मी खालून माझा काढून दिला. तुमच्या अर्जात काहीही चूक नव्हती."

समोरच्या घराचं फाटक कोणीतरी उघडून ठेवलं. ताई काचेतून तिकडे बघत राहिली. काकांना वाटलं ती आता रडेल, किंवा त्यांना काहीबाही बोलेल, आणि बोलली तर बरंच होईल. पण ती बोलली तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

"जागा एकच होती आणि तुम्ही घेतलीत, असं सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं काका? चार दिवस रागावले असते. नाहीतर जागा संपल्या म्हणायचं. तेही चाललं असतं. त्या रकान्याचंच का सांगितलंत?"

हा प्रश्न काकांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. उत्तर मात्र त्यांच्याजवळ तयार होतं. ते त्या संध्याकाळपासूनच असणार. ते बाहेर काढताना त्यांना तिच्याकडे बघवेना.

"तुम्हाला त्याची लाज वाटते, हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "रकान्याचं नाव काढलं की तुम्ही पुढे काही विचारणार नाही, म्हणून."

ताईनं त्यांच्या हातातून अर्ज घेतला, मधोमध घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"बरोबर ओळखलंत," ती म्हणाली. "नाहीच विचारलं मी."

ती उतरली, डिकी उघडून टेबल स्वतःच बाहेर काढलं. काका मदतीला खाली उतरेपर्यंत ती फाटकाच्या आत गेलेली होती.